पंचांगातून खोडलेला सण

६ जानेवारी हा ख्रिस्ती पंचांगातला प्रकटीकरणाचा दिवस. पूर्वेकडचे मागी, म्हणजे ज्ञानी, लोक ताऱ्याचा माग काढत बेथलेहेमला आले आणि त्यांनी सोने, ऊद व गंधरस बाळापुढे ठेवले, ही मत्तयाच्या शुभवर्तमानातली घटना त्या दिवशी आठवायची आणि नाताळापासून चाललेला बारा दिवसांचा उत्सव संपवायचा, अशी जुनी रीत. गोव्यात मांडवीकाठच्या रेइश मागुशला, कासावलीजवळच्या टेकडीवर आणि चांदोरला या दिवशी तीन मुलगे मागींच्या, म्हणजे लोकपरंपरेतल्या तीन राजांच्या, वेषात घोड्यावरून मिरवत येतात. प्रोटेस्टंट पंथातल्या प्रेस्बिटेरियन परंपरेत मात्र हा सण एकदा नाव घेऊन खोडला गेला. तो खोडला स्कॉटलंडने, १५६० साली. आज त्याच परंपरेतल्या शे-पन्नास माणसांच्या मंडळ्या, विशेषतः अमेरिकेत, तो आवडीने पाळतात. कोणाला ही विसंगती वाटते, कोणाला पूर्वजांच्या निष्ठेला दिलेली तिलांजली. मला दोन्ही निदाने चुकीची वाटतात. खोडली गेली ती तारीख आणि तिच्यामागची सक्ती. सणातले बाकी सगळे साडेतीनशे वर्षे इतर घरी राहिले, आणि परतले तेव्हा त्या घरांच्या सवयी अंगी लावूनच परतले.

आधी काय होते ते पाहू. स्कॉट भाषेत या दिवसाला ‘अपहॅलीडे’ म्हणत, म्हणजे सुट्या संपल्याचा दिवस. दरबारात त्याचा थाट मोठा असे. सर डेव्हिड लिंडसेच्या प्रसिद्ध नाटकाचे आद्य रूप ६ जानेवारी १५४० रोजी लिनलिथगोच्या राजवाड्यात पाचव्या जेम्ससमोर सादर झाले. १५६४ च्या जानेवारीत, म्हणजे धर्मसुधारणा होऊन गेल्यावरही, मेरी राणीच्या दरबारात केकमध्ये लपवलेला घेवड्याचा दाणा मेरी फ्लेमिंग या सखीला मिळाला आणि त्या दिवसापुरता राणीचा मान तिला दिला गेला. पण धर्मसुधारक जॉन नॉक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १५६० मध्ये लिहिलेल्या शिस्तीच्या पहिल्या ग्रंथात नाताळ, सुंता, प्रकटीकरण आणि शुद्धीकरण हे सण माणसांनी लादलेले म्हणून आधीच रद्द ठरवलेले होते. त्यांचा युक्तिवाद नीट वाचायला हवा. पवित्र शास्त्रात आज्ञा नसलेली गोष्ट चर्चने माणसाच्या सदसद्विवेकावर लादू नये, हा त्याचा गाभा. १५६६ साली स्वित्झर्लंडचा विश्वासजाहीरनामा स्कॉटिश चर्चने मान्य केला, तोही सणांचा परिच्छेद वगळून. सहाव्या जेम्सने १६१८ च्या पर्थच्या पाच कलमांनी काही सण पुन्हा आणले. त्यांत नाताळ होता, प्रकटीकरण नव्हते. १६३८ च्या ग्लासगो सभेने ती कलमेही फेटाळली आणि १६४० मध्ये पार्लमेंटने नाताळाची सुटीच बंद केली. पाठोपाठ १६४५ च्या वेस्टमिन्स्टर उपासना-मार्गदर्शिकेने प्रभुवार सोडून कोणताही दिवस पवित्र पाळण्याची आज्ञा नाही असे स्पष्ट लिहिले.

१५६० ची बंदी आली म्हणून रीत लगेच मोडली नाही, आणि याचा पुरावा खुद्द चर्चच्याच दप्तरांत आहे. स्थानिक मंडळीचा कारभार पाहणारी पाळक आणि वडील (मंडळीतले नेमलेले ज्येष्ठ) यांची सभा, म्हणजे सेशन, आपल्या नोंदी काटेकोर ठेवत असे. १५७४ च्या नाताळात नाचल्या-गायल्याबद्दल अ‍ॅबरडीनच्या चौदा बायकांवर ठपका आला. १५८३ मध्ये ग्लासगोच्या सेशनने नाताळ पाळणाऱ्या पाच जणांना जाहीर पश्चात्ताप करायला लावला आणि नाताळाचे पाव कोणासाठी भाजले याची भटारखान्यांकडे चौकशी केली. पाव भाजणाऱ्यापर्यंत चौकशी जाते याचा अर्थ पाव खाणारे घराघरांत होते. मग हळूहळू एक स्थलांतर झाले, आणि या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग मला तोच वाटतो. मनुका-मसाल्यांनी गच्च भरलेला ‘ब्लॅक बन’ मूळचा बाराव्या रात्रीचा केक मानला जातो. तो सरकून नववर्षाच्या पूर्वसंध्येला, हॉगमनेला, जाऊन बसला. १ जानेवारीला स्कॉटलंडने वर्षारंभ केला तो १६०० साली, त्यामुळे जागाही तयार होती. भेटवस्तूंना वर्षाचा पहिला सोमवार मिळाला. त्याला ‘हॅन्सेल मंडे’ म्हणत. हॅन्सेल म्हणजे आरंभी शुभ म्हणून दिलेली भेट आणि दुकानदाराची दिवसातली पहिली कमाईही. आपल्याकडच्या ‘बोहनी’ला यापेक्षा जवळचा शब्द सापडणे कठीण. शेतावरच्या गड्यांना त्या दिवशी मालकाकडून भेट मिळे आणि सुटीही. चर्चला त्यात वावगे दिसले नाही, कारण सोमवारला कोणी पवित्र म्हणत नव्हते.

उत्तरेकडच्या शेटलंड बेटांत तर नावही टिकले. ऐन हिवाळ्यात लर्विकला दिवसाचा उजेड जेमतेम सहा तास असतो. तिथे जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी मशालींची मिरवणूक निघते आणि लाकडी गलबत जाळले जाते. त्या उत्सवाचे नाव ‘अप हेली आ’, म्हणजे तोच जुना अपहॅलीडे. आजचा साज एकोणिसाव्या शतकातला आहे. गलबत १८८९ मध्ये आले. जुन्या उत्तरदेशीय वीरांचा वेष आहे, मागी लोकांचा मागमूस नाही. तरीही थंडीच्या पोटात गावाने मिळून उजेड करायचा, ही गरज नाव न सोडता तशीच राहिली. फुला नावाच्या त्याहून चिमुकल्या बेटाची गोष्ट आणखी बोलकी आहे. १७५२ मध्ये ब्रिटनने पंचांग बदलून अकरा दिवस गाळले, पण फुलाच्या लोकांनी जुना हिशेब सोडला नाही. तो नाताळ पुढे ६ जानेवारीला येऊ लागला आणि तिथे तो आजही त्याच दिवशी होतो.

केक आणि मशाली गेल्या तिकडे. अर्थ कुठे गेला? इतर राष्ट्रांपुढे प्रकाश प्रकट होणे, परक्यांनी भेटी घेऊन येणे, हा या सणाचा आशय. तो उपासनेतच राहिला, फक्त तारखेविना. १६५० च्या स्कॉटिश स्तोत्रग्रंथात सर्व १५० स्तोत्रे पद्यात आहेत, आणि ७२ व्या स्तोत्रात तार्शीश व शबाचे राजे भेटी आणतात. रोमन परंपरेत ते खास ६ जानेवारीचे स्तोत्र. स्कॉटलंडमध्ये ते वर्षात केव्हाही गायले जाई. १७८१ च्या पद्यानुवादांत यशयाच्या दुसऱ्या अध्यायातला, सर्व राष्ट्रे परमेश्वराच्या डोंगराकडे लोटतील हा भाग आला आणि तो घराघरांत तोंडपाठ झाला. हिवाळ्याला मंडळीचे स्वतःचे कामही होते. शेतीची कामे थांबली की पाळक घरोघर, वाडीवाडीवर जाऊन प्रश्नोत्तरांतून धर्मशिक्षण देत. लहानथोरांना उत्तरे पाठ असावी लागत. सण नव्हता, पण ऋतूला आकार होता. याच आशयाचा एक धागा आपल्या किनाऱ्याला येऊन लागतो. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे लोक कोकणात बाणकोटला उतरले, १८२९ मध्ये मिशनरी जॉन विल्सन मुंबईत आला. ज्या चर्चच्या पंचांगात प्रकटीकरण नव्हते, त्याची माणसे प्रकटीकरणाचाच आशय घेऊन समुद्र ओलांडत होती. त्याच किनाऱ्यावर दक्षिणेला रेइश मागुशचे चर्च १५५५ पासून तीन राजांच्या नावाने उभे होते. एका किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्माची दोन पंचांगे होती, आणि यांतले कोणते अधिक खरे असे विचारण्यात मला अर्थ दिसत नाही.

सण परत येण्याची सुरुवात वरून झाली हे मान्य केले पाहिजे. १८६५ मध्ये स्थापन झालेल्या चर्च सर्व्हिस सोसायटीने स्कॉटलंडमध्ये लिखित प्रार्थना आणि ख्रिस्ती वर्ष यांची गोडी पुन्हा लावली. १९४० च्या उपासनाग्रंथात ती स्थिरावली. अमेरिकेत १९०६ चा उपासनाग्रंथ हेन्री व्हॅन डाइकच्या अध्यक्षतेखाली तयार झाला. हाच पाळक चौथ्या मागी माणसाच्या, आर्ताबानच्या, कथेचा लेखक. १८९५ ची ती कथा लाखो घरांत पोचली, आणि प्रेस्बिटेरियन वाचकाला मागी लोकांशी पुन्हा जवळीक वाटू लागण्यात तिचा वाटा असणार असे माझे मत आहे. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुटी १९५८ मध्ये आली, आणि १९९२ च्या सामाईक वाचनसूचीमुळे अनेक पंथांच्या मंडळ्या एकाच रविवारी तोच पाठ वाचू लागल्या. पण ग्रंथात छापलेला सण आणि मंडळीत रुजलेला सण यांत अंतर असते, आणि ते लहान मंडळ्यांनी भरून काढले. नाताळला पाहुण्यांनी भरलेले बाक जानेवारीत रिकामे होतात. बर्फ पडले की म्हातारी माणसे येत नाहीत. याच महिन्यात अनेक ठिकाणी वार्षिक सभा भरते, नव्या वडिलांची नेमणूक होते, जमाखर्च वाचला जातो. अशा आखडलेल्या दिवसांत कागदी ताऱ्यांची टोपली बाकांवरून फिरते. प्रत्येक ताऱ्यावर एकच शब्द असतो: धीर, विसावा, ऐकणे. न पाहता एक उचलायचा आणि वर्षभर त्यावर चिंतन करायचे. काही जण दारावर खडूने वर्षाचे आकडे आणि तीन राजांची आद्याक्षरे लिहितात. मूर्ती नाही, मिरवणूक नाही. माणसाच्या हातात एक शब्द दिला जातो. वचनाला सर्वांत वरचे स्थान देणाऱ्या परंपरेचा ठसा याहून ठळक कसा उमटेल?

यावर कडवे प्रेस्बिटेरियन जो आक्षेप घेतात तो हलक्यात घेण्याजोगा नाही. स्कॉटलंडचे फ्री प्रेस्बिटेरियन चर्च आजही नाताळसुद्धा पाळत नाही. त्या भूमिकेतून पाहिले तर ताऱ्यावरचा शब्द उचलणे चिठ्ठी काढून भविष्य पाहण्याच्या शेजारी जाऊन बसते, आणि शास्त्रात आज्ञा नसलेली गोष्ट उपासनेत आणली की पुढची अडवायची कशी, हा प्रश्न उभा राहतो. ताऱ्यांबाबतचा इशारा मला रास्त वाटतो. तो शब्द ‘माझ्या नशिबात आला’ असे कोणी म्हणू लागले तर पाळकाने तिथेच थांबवावे. दिवसांबाबत मात्र जुन्या सुधारकांच्याच वागण्यात उत्तर आहे. उपवासाचे आणि आभाराचे खास दिवस त्यांनी स्वतः नेमले, वेस्टमिन्स्टरच्या मार्गदर्शिकेनेही त्यांना जागा दिली. प्रभुभोजनाभोवती गुरुवारपासून सोमवारपर्यंत चालणारा मोठा सोहळा त्यांच्याच वारसांनी जोपासला, आणि त्याचीही शास्त्रात आज्ञा नाही. म्हणजे दिवस वेगळा काढण्याला त्यांचा विरोध नव्हता, तो वेगळा काढलाच पाहिजे या हुकमाला होता. दुसरा आक्षेप इतिहासाच्या अभ्यासकाचा: ओसरत चाललेल्या मंडळ्यांनी शेजाऱ्याकडून उसने घेतलेली ही सजावट आहे. सभासद घटत आहेत हे खरे. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या बहुसंख्य मंडळ्यांत शंभराहून कमी माणसे आहेत. पण उसने घेणारा सहसा घेतलेली वस्तू जशीच्या तशी मांडतो. इथे घोड्यावरचे राजे आले नाहीत, दाण्याचा केक आला नाही. आला तो शब्द, आणि तोही कोणी उचलावा कोणी उचलू नये अशा मोकळिकीने.

ही मोकळीक कागदावरही आहे. अमेरिकेतल्या त्या सर्वांत मोठ्या चर्चच्या घटनेनुसार मंडळीची उपासना सेशनच्या देखरेखीखाली असते. नाताळाच्या पावाची चौकशी करणाऱ्या ग्लासगोच्या सभेची ती थेट वारसदार. तीच सभा जानेवारीच्या एका संध्याकाळी हिशेब, छपराची गळती आणि ताऱ्यांची टोपली हे विषय एकामागून एक घेते, आणि यंदा टोपली नको असे वडिलांनी ठरवले तर ती कपाटातच राहते.