जलतरणाच्या तयारीचा शिरस्ता

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे काशीक्षेत्र. संत सेवालाल महाराजांची समाधी तेथे आहे, आणि रामनवमीच्या यात्रेला दूरदूरच्या तांड्यांतून माणसे तेथे लोटतात. समुद्र शेकडो मैल लांब, अरुणावती आणि अडाण या पैनगंगेच्या खोऱ्यातील नद्या पावसाळ्यात दुथडी वाहणाऱ्या व उन्हाळ्यात पात्र उघडे टाकणाऱ्या. अशा मुलखाच्या नावाशी जलतरणाच्या शर्यतींचा विचार जोडणे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. परंतु शर्यतीची तयारी म्हणून आजचे शिक्षक जे जे सांगतात, त्यातील पुष्कळसे आपल्या कोरड्या मुलखातील विहिरींवर पूर्वीपासून वहिवाटीत होते, आणि जे नव्हते ते नेमके कोणते, हे पाहणे उद्बोधक आहे.

बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर फिरत. फौजांना रसद पुरविणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय होता, आणि १८०३ मध्ये असई व आडगावच्या मोहिमेत इंग्रजी फौजेची रसदही त्यांनी वाहिली. पावसाळा लागला की तांडा चारापाण्याची सोय पाहून मुक्काम करी. अशा प्रवाशाला नदी म्हणजे उतार शोधून बैल आणि गोण्या सुखरूप पलीकडे नेण्याची जागा होती; तिच्याशी पैज लावण्याला त्याच्या जमाखर्चात स्थान नव्हते. पुढे १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली, बैलांची वाहतूक ओसरत गेली आणि तांडे गावांच्या शिवारांत स्थिरावू लागले.

शिवारात पोहण्याची शाळा एकच, ती विहिरीची. चैत्र-वैशाखात मुलाच्या कमरेला वाळलेल्या भोपळ्यांची सांगड किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका बांधायचा, दोराचे एक टोक काठावरच्या चुलत्याने हातात धरायचे, आणि मुलाच्या अंगात धीर येईल तसतसा आधार कमी करीत जायचे, असा तेथला क्रम असे. पत्र्याचे डबे आले तेव्हा भोपळ्याची जागा डब्याने घेतली, एवढाच फरक. पोहता येऊ लागले की चढाओढ सुरू होई. कोणी थारोळ्यावरून सूर मारी, कोणी मुटका मारून काठावरच्यांना भिजवी, कोणी तळाची माती मुठीत आणून दाखवी. पट्टीचा पोहणारा कोण, याचा निवाडा दम आणि धाडस यांवर होत असे. अंतर आणि काळ यांचे माप कोणी घेत नसे.

हे माप पाश्चात्त्य जगातून आले. १८७५ मध्ये कॅप्टन मॅथ्यू वेबने इंग्लिश खाडी सुमारे पावणेबावीस तासांत पार केली आणि त्या तासांची चर्चा पराक्रमाइतकीच झाली. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये शर्यती उघड्या, थंड समुद्रात झाल्या. दोन शर्यती जिंकणाऱ्या हंगेरीच्या आल्फ्रेड हायोशने अंगाला चरबीचा जाड लेप दिला होता, आणि त्या काळी तयारीचा अर्थ बहुधा देह कणखर करणे एवढाच होता. तयारीचे शास्त्र विसाव्या शतकाच्या मध्यास ऑस्ट्रेलियात आकाराला आले. फ्रँक कॉटन आणि फोर्ब्ज कार्लाइल यांनी नाडीचे ठोके मोजून, घड्याळावर वेग बांधून, शर्यतीपूर्वीच्या दिवसांत श्रम हळूहळू उतरविण्याची पद्धत रूढ केली. ज्या काळात मेहनतीला अंत नसावा असा समज होता, त्या काळात विश्रांतीला तयारीचे अंग ठरविणे हा मोठाच विचार होता.

आपल्याकडे शरीरसंवर्धनाची आस्था उणी नव्हती. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, आणि १९३६ मध्ये त्याच्या पथकाने बर्लिनला जाऊन भारतीय व्यायामप्रकार जगाला दाखविले. पण पाण्यातील मापाची शिस्त महाराष्ट्रात सावकाश रुजली. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे मूळचे लष्करातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाल्यावर उपचार म्हणून ते पाण्यात उतरले, आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत कापून त्यांनी भारताला या स्पर्धांतील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळविले. त्यापूर्वीचे भारताचे जलतरणातील आशियाई पदक १९८६ चे, खजान सिंग यांचे होते.

या इतिहासातून निघणारा शिरस्ता थोडक्यात सांगता येतो. शेवटच्या एकदोन आठवड्यांत अंतर कमी करावे, परंतु वेगाची सवय मोडू नये. शर्यतीच्या दिवशी रोजचीच भाकरी किंवा भात, तोही वेळेपूर्वी पुरेसा आधी खावा; नवे अन्न आणि नवा चष्मा त्या दिवशी वर्ज्य मानावा. तलावावर लवकर पोहोचून पाण्यात अंग मोकळे करावे. उताणे पोहणाऱ्याने भिंतीपासून ५ मीटरवर टांगलेल्या पताकांपासून भिंतीपर्यंत आपले किती हात पडतात, ते त्याच तलावात मोजून ठेवावे. इशाऱ्यापूर्वी सुटणारा बाद होतो, म्हणून उडीचा सराव इशाऱ्यावरच करावा.

विहिरीने दम, निर्भयता आणि आधार क्रमाक्रमाने सोडण्याची रीत दिली. भिंतीशी वळणे आणि वेग राखणे मात्र तिला शिकविता येत नाही. म्हणून खेड्यातील पट्टीच्या पोहणाऱ्याला थेट शर्यतीत उभे करण्यापूर्वी पालकांनी त्याला काही आठवडे तरी मोजमापाच्या तलावात शिक्षकाच्या नजरेखाली ठेवावे. आणि असा तलाव तालुक्याच्या ठिकाणी असावा, ही तजवीज ज्यांच्या हाती आहे त्यांनी ती मनावर घ्यावी.