बिनपान्याचं चाक

आपल्यातल्या बहुतेकांच्या लहानपणीची सायकल म्हणजे काळी, दांड्याची. तिच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंना एकेक नट, आणि तो एकदा बसला की वर्षानुवर्षं तसाच. पंक्चर झालं तरी चाक काढावं लागत नसे. दुकानदार टायर एका बाजूने उकलून ट्यूब बाहेर ओढायचा, पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधायचा आणि ठिगळ लावून परत आत सारायचा. त्यामुळे "चाक पटकन निघायला हवं" ही गरज आपल्याला कधी वाटलीच नाही.

ती वाटली युरोपातल्या शर्यतवाल्यांना. शंभर वर्षांपूर्वीच्या शर्यतींत चढ आला की स्वार खाली उतरायचे, मागचं चाक काढायचे आणि उलटं फिरवून बसवायचे. चाकाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या मापांची दातेरी चक्रं असत, एक सपाटीसाठी, दुसरं चढासाठी. 'टूर द फ्रान्स'मध्ये तर गिअर बदलणारं यंत्र १९३७ पर्यंत चालतच नसे! चाक धरून ठेवायला असत दोन कान असलेले नट, ज्यांना विंगनट म्हणतात. बोटांनी फिरवता येणारे, पण बोटं चालत असतील तरच.

इथे एक प्रसिद्ध गोष्ट येते. ११ नोव्हेंबर १९२४, उत्तर इटलीतला क्रोचे दाउने नावाचा घाट, बर्फ आणि तुलिओ काम्पान्योलो नावाचा तरुण स्वार. गारठलेल्या बोटांनी नट काही सुटेना, शर्यत गेली, आणि त्यातून क्विक रिलीजची कल्पना जन्मली. त्या घाटात काम्पान्योलोचं स्मारकही आहे. अलीकडे अभ्यासकांनी या गोष्टीवर शंका घेतली आहे, आणि खरं सांगायचं तर ती जरा जास्तच नीटनेटकी आहेच. पण काम्पान्योलोने १९३३ साली विचेंझा गावात कारखाना काढला आणि क्विक रिलीज त्याच्याच नावाने जगभर गेलं, याबद्दल वाद नाही.

युक्ती साधी आहे. चाकाचा आस पोकळ करायचा आणि त्यातून एक बारीक सळई आरपार घालायची. सळईच्या एका टोकाला नट, दुसऱ्या टोकाला लिव्हर. लिव्हरचं मूळ गोल नसतं, एका बाजूला फुगीर असतं. लिव्हर उलटली की तो फुगवटा सळई ओढून धरतो आणि चिमट्याची दोन्ही टोकं आसावर आवळली जातात. म्हणजे नट फक्त माप ठरवायला. आवळण्याचं काम लिव्हर *उलटण्याने* होतं, *फिरवण्याने* नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

शर्यतवाल्यांचा या लिव्हरवर किती विश्वास होता याचा एक नमुना सांगतो. १९४० च्या दशकात काम्पान्योलोच्या 'काम्बिओ कोर्सा' या गिअरमध्ये स्वार चालत्या सायकलवर हात मागे नेऊन मागच्या चाकाची लिव्हर सैल करायचा, दुसऱ्या दांडीने साखळी सरकवायचा आणि पुन्हा लिव्हर आवळायचा. चाक सैल, आणि खाली रस्ता पळतोय! जिनो बार्ताली याच गिअरवर १९४८ ची टूर जिंकला. हाताला सवय होती, म्हणून जमत होतं.

मग १९७० च्या दशकात अमेरिकेत सायकलींची लाट आली आणि हीच लिव्हर ज्यांनी कधी शर्यत पाहिली नव्हती अशा लोकांच्या हाती गेली. अनेकांनी तिला लांब दांडीचा नट समजून नुसती गरागरा फिरवली. घट्ट वाटायची, पण नसायची. चाकं निसटली, माणसं तोंडावर पडली, कोर्टात खटले झाले. १९७६ साली लागू झालेल्या अमेरिकी नियमांत एक छान अट आहे: लिव्हर बंद केल्यावर चिमट्याच्या धातूवर तिचा ठसा उमटला पाहिजे. पुढे कंपन्यांनी चिमट्याच्या टोकांना बारीक उंचवटे ठेवायला सुरुवात केली. लिव्हर उघडी राहिली तरी चाक लगेच पडू नये म्हणून. यांना तिकडे गमतीने 'वकिलांचे ओठ' म्हणतात :)

या ओठांनी किती जण वाचले असतील. पण एक गंमत झाली. पूर्वी नट एकदा जुळवला की कायमचा जुळलेला असे, लिव्हर उघडली की चाक हातात. आता ओठ ओलांडायला दर वेळी नट चार फेरे सोडायचा आणि दर वेळी नव्याने जुळवायचा. ज्याला जुळवणं कळत नाही त्याच्यासाठी केलेल्या सोयीने जुळवण्याचं कामच वाढवलं.

हे सगळं मी वाचत बसलो त्याला कारण आमच्या घरातली जुनी माउंटन बाइक. पुढचं चाक वाकलं होतं. दुकानदाराने जुन्यातलंच एक चांगलं चाक दिलं, ते क्विक रिलीजचं निघालं. सायकल चालवणार माझा पुतण्या, वय वर्षं तेरा, आणि आमच्या गल्लीला चांगला उतार आहे. बसवताना तोच शेजारी बसला होता.

"काका, झालं की घट्ट. हलतसुद्धा नाही."

हलत नव्हतं हे खरं. पण आधी दोन गोष्टी बघायच्या होत्या. एक, चिमट्याच्या आतलं अंतर: चाकाला १०० मिलिमीटर लागतं, ते होतं. दुसरी जास्त महत्त्वाची. पोकळ आसाची टोकं चिमट्याच्या पत्र्याबाहेर येता कामा नयेत. पत्रा पातळ असला आणि टोक बाहेर आलं, तर लिव्हर आसालाच आवळते, चिमट्याला नाही. हाताला घट्ट लागतं आणि चाक मात्र मोकळंच! आमच्या चिमट्याचा पत्रा जाड होता, टोकं आतच राहिली. मग सायकल जमिनीवर उभी करून आस खाचेत पूर्ण बसू दिला, आणि लिव्हर अर्ध्यावर, आसाच्या रेषेत आली की जोर लागायला लागेल इतका नट फिरवला. उरलेला अर्धा प्रवास तळहाताने. शेवटी सायकल पुढून उचलून चाकावर वरून दोन बुक्के.

मग सगळं सोडून त्याला पुन्हा करायला लावलं. तीनदा.

तोवर जग पुढे गेलंय. डिस्क ब्रेक आल्यावर ब्रेकचा जोरच चाकाला खाचेतून बाहेर ढकलू शकतो हे २००३ च्या सुमारास चर्चेत आलं. २०१५ साली एका मोठ्या अमेरिकी कंपनीने जवळपास दहा लाख सायकली परत मागवल्या, कारण उघडी राहिलेली लिव्हर डिस्कमध्ये अडकू शकत होती. आता अनेक नव्या माउंटन बाइकना खाचच नसते. जाड आस चिमट्याच्या भोकांतून आरपार जातो आणि तिथेच आटे घेऊन बसतो. चुकायला जागा कमी, आणि ते चांगलंच आहे. मला जुन्याचं उगाच कौतुक नाही.

पण जुन्या सायकली अजून रस्त्यावर आहेत, आणि त्यांच्या लिव्हरला अजूनही ती बंद करणाऱ्या हाताचाच आधार आहे. नियमाने धातूवर ठसा मागितला. जुने मेकॅनिक सांगतात, लिव्हर बंद करताना तळहातावरही ठसा उमटला पाहिजे. पुतण्याने तिसऱ्या खेपेला हात पुढे केला, लाल रेघ स्पष्ट होती.

असो. तुमच्या घरात अशी एखादी सायकल असेल तर आज खाली जाऊन लिव्हर बघा. आणि ती घरातल्या मुलांनाही उघडबंद करायला शिकवा. आपण रोज तपासून देऊ, पण उतारावर आपण नसतो.