तेलाची वाट आणि मिस्त्रीचा हुन्नर

राजे, लढाया आणि तह यांचा इतिहास आपण शाळेत शिकवतो. ज्यांनी तोफा ओतल्या, रहाट दुरुस्त केले, इंजिने चालती ठेवली, त्यांच्या वाट्याला पाठ्यपुस्तकात फार तर एखादी ओळ येते. यवतमाळ जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना ही उणीव मला विशेष जाणवते, कारण वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील किंवा आजोबा मिस्त्री आहेत. म्हणून या लेखात मिस्त्रीच्या एका कामाचा मागोवा घ्यायचा आहे. काम दिसायला लहान आहे : जुन्या इंजिनाच्या क्रँकशाफ्टमधली तुंबलेली तेलाची भोके मोकळी करणे.

क्रँक म्हणजे वाकडा दांडा. पिस्टनची वरखाली हालचाल तो गोल फिरण्यात बदलतो. त्याचा इतिहास फार जुना आहे. आजच्या तुर्कस्तानातील हिएरापोलिस येथे तिसऱ्या शतकातल्या एका शवपेटीवर पाणचक्कीवर चालणारी करवत कोरलेली आहे. तीत क्रँक आणि जोडदांडा दोन्ही आहेत. पुढे त्याच मुलखात, दियारबकर येथे अर्तुकी सुलतानांच्या पदरी बदीउज्जमान अल-जझरी हा यंत्रकार होता. त्याने १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या अरबी ग्रंथात पन्नास यंत्रांची रचना आकृत्यांसह दिली आहे. पाणी उपसणाऱ्या त्याच्या यंत्रांत क्रँकचा वापर दिसतो. क्रँक आमच्याच लोकांनी शोधला, असा दावा करण्याचे कारण नाही. जझरीचे मोठेपण वेगळे आहे. कोणता भाग कशाचा, किती मापाचा, कसा जोडायचा, हे त्याने दुसऱ्या कारागिराला कळेल असे लिहून ठेवले.

फिरणाऱ्या धातूला तेल लागतेच. पूर्वी ते बाहेरून घालत. आपल्या जिल्ह्याच्या ‘शकुंतला’चेच उदाहरण घ्या. यवतमाळ–मूर्तिजापूर या अरुंद मार्गावर १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावले. (गाडी आता बंद आहे.) अशा इंजिनाचे दांडे उघड्यावर असत. गाडी थांबली की लांब चोचीच्या डब्याने सांध्यांवरच्या कुप्यांत तेल घालायचे. कुठे तेल पोचले आणि कुठे नाही, हे डोळ्यांना दिसत असे.

वेगाने फिरणाऱ्या बंदिस्त इंजिनांत ही सोय राहिली नाही. १८९० च्या सुमारास बर्मिंगहॅममधील बेलिस यांच्या कारखान्यातल्या आल्बर्ट पेन या नकशानवीसाने पंपाच्या दाबाने बेअरिंगपर्यंत तेल पोचवण्याची पद्धत बसवली. हीच पद्धत पुढे मोटारी, ट्रॅक्टर आणि डिझेल इंजिनांत आली. तेल आता क्रँकच्या पोटातून जाऊ लागले. मुख्य जर्नलपासून क्रँकपिनपर्यंत तिरके भोक पाडलेले असते आणि त्याचे बाहेरचे तोंड प्लगने बंद केलेले असते. तेलाची वाट अशी डोळ्यांआड झाली आणि तिथून मिस्त्रीची खरी परीक्षा सुरू झाली.

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. विहिरीवर, पिठाच्या गिरणीवर, जिनिंगमध्ये, जिथे वीज उशिरा आली किंवा आली तरी टिकली नाही, तिथे ऑइल इंजिनाने काम चालवले. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. राजकोटकडचीही इंजिने आली. मिनिटाला सहा-साडेसहाशे फेरे घेणाऱ्या जुन्या घाटाच्या संथ इंजिनात रॉडच्या टोकाची पळी तेलात बुडून तेल उडवते. पंधराशे फेऱ्यांच्या इंजिनाला सहसा पंपाचा दाब लागतो. तेलाची अंतर्गत वाट तुंबण्याचा त्रास मुख्यतः या दुसऱ्या जातीला.

वाट तुंबते कशी? जळालेल्या इंधनाची काजळी, धातूचा कीस आणि बाहेरची धूळ तेलात मिसळते. क्रँक फिरताना हा जड गाळ बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि पोकळ क्रँकपिनमध्ये थरावर थर बसतो. काही जुन्या इंजिनांत ही पोकळी गाळ अडवण्यासाठी मुद्दाम ठेवलेली असे. ती भरली की मात्र तेलाचीच वाट बंद. जुन्या काळच्या साध्या तेलात हा गाळ लवकर बसे. नंतरच्या तेलांतील डिटर्जंट काजळी तरंगती ठेवतो. पण वर्षानुवर्षे न उघडलेल्या इंजिनात असे तेल एकदम घातले, तर जुना थर सुटून भोकात अडकण्याची भीती असते. बिग एंडला तेल मिळाले नाही की आधी ठोका ऐकू येतो, मग बेअरिंगचे पांढरे मेटल वितळते आणि शेवटी क्रँक जाम होतो. आणि हे ओलिताच्या ऐन दिवसांत घडले, तर शेतकऱ्याच्या हंगामाचा प्रश्न येतो.

हे काम करायचे तर क्रँक बाहेर काढावा लागतो. प्लग सुटून येऊ नये म्हणून पंच मारून जाम केलेला असतो. आधी ती पंचाची खूण कोरून काढायची, गरज पडली तर प्लगला बेताची ऊब द्यायची, मग तो फिरवायचा. घाई केली तर प्लगची खाच मोडते. आतला गाळ कधी मेणासारखा, कधी दगडासारखा. तो रॉकेलमध्ये भिजवायचा, तारेने आणि बारीक ब्रशने खरवडायचा, पुन्हा धुवायचा, हवेने फुंकायचा. नंतर एका भोकातून हवा सोडून प्रत्येक भोकावर बोट धरायचे. सगळीकडे हवा लागली पाहिजे. या कामात भोकाच्या तोंडाशी चिंधी किंवा सूत वापरत नाहीत, कारण एक धागा आत राहिला तरी केलेली मेहनत फुकट. कापसाच्या जिल्ह्यात हे पथ्य सांभाळणे सोपे नाही. शेवटी जर्नल मायक्रोमीटरने मोजायचे, प्लग बसवून पुन्हा पंच मारायचा आणि इंजिन सुरू करण्याआधी तेल सगळीकडे पोचल्याची खात्री करायची. प्लग विसरला किंवा ढिला राहिला तर दाब तिथूनच निघून जातो.

धातूच्या पोटातली अरुंद वाट साफ करण्याचे काम आपल्या देशाला नवे नाही. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बंदुकीच्या नळ्या साफ करण्याची हकीकत दिली आहे. आधी बळकट माणसे लोखंडी अवजारांनी बराच वेळ राबून एक नळी साफ करीत. मग जनावराच्या बळावर फिरणारे चक्र आले आणि सोळा नळ्या एकाच वेळी साफ होऊ लागल्या. अबुल फजलने या शोधाचे श्रेय बादशहाला दिले. पुष्कळ अभ्यासक ते फतहुल्लाह शिराझी या विद्वानाला देतात. शिराझी आपल्या दख्खनमध्ये, विजापूरच्या आदिलशाही दरबारी होता. १५८३ मध्ये तो अकबराकडे गेला आणि १५८९ मध्ये काश्मिरात वारला. श्रेय कोणाचे, बादशहाचे की विद्वानाचे, यावर वाद होऊ शकतो. पण अवजार हातात धरून राबणाऱ्यांपैकी एकाचेही नाव त्या हकीकतीत नाही. याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याच्या परगण्यांत आपले यवतमाळ ‘योत-लोहारा’ म्हणून नोंदले गेले आहे. महसुलाची नोंद झाली, परगण्याची झाली, कारागिराची राहिली.

आजचे चित्र काय आहे? विहिरींवर विजेचे आणि सौर पंप आले. जुनी इंजिने भंगारात जात आहेत. उस्तादाच्या हाताखाली वर्षे काढून शागिर्द जे शिकला, ते ठोक्याच्या आवाजावरून दोष ओळखणे, प्लगला किती ऊब पुरेशी हे हाताला कळणे, यातले फार थोडे पुस्तकात उतरले आहे. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे, तो उपयोगीही आहे; पण दिग्रस, पुसद, उमरखेड, आर्णीच्या रस्त्यांवरच्या गॅरेजांत तयार झालेली समज त्यात कशी येणार? आपला समाज शिक्षणात मागे आहे असे आपण नेहमी म्हणतो. ते म्हणताना या समजेला आपण शिक्षण मानत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. वडिलांचा हुन्नर सांगताना मुलगा वर्गात खाली मान घालतो, याचे एक कारण तेच आहे.

जझरीला त्याच्या सुलतानाने सांगितले की तुझे काम वाया जाऊ देऊ नकोस, लिहून ठेव. म्हणून आठशे वर्षांनंतर आपण त्याची यंत्रे जाणतो. आमच्या मिस्त्रींना असे सांगणारा कोणी भेटला नाही. हे काम शाळा करू शकते. प्रकल्प वहीत ताजमहालाचे चित्र चिकटवण्याबरोबरच नववी-दहावीच्या मुलांनी आपल्या गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला भेटावे. त्याचा उस्ताद कोण होता, पहिले इंजिन कोणते उघडले, कोणते अवजार त्याने स्वतः बनवले, हे विचारावे आणि त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. उर्दूत लिहा, मराठीत लिहा. वहीच्या पहिल्या पानावर त्या मिस्त्रीचे पूर्ण नाव, गाव आणि तारीख मात्र असू द्या.