टेबल टेनिसचा चेंडू

४० मिमी. व्यासाचा, २.७ ग्रॅम वजनाचा, पांढरा किंवा नारिंगी पोकळ चेंडू. लॉन टेनिसचा लोकरी आवरणाचा रबरी चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅम भरतो. त्यापुढे हा पिसासारखा. तरी कुळी एकच. मेजर वॉल्टर विंगफील्ड यांनी १८७४ मध्ये लॉन टेनिसचे पेटंट घेतले. पुढे इंग्लंडात हा खेळ जेवणाच्या टेबलावर आला, पण तिथे रबरी चेंडू आवरेना आणि बुचाचा उसळेना. १९०० च्या सुमारास जेम्स गिब यांनी अमेरिकेतून सेल्युलॉइडचे खेळण्यातले चेंडू आणले आणि अडचण मिटली.

सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचे मिश्रण. जुना चेंडू फुटला की आतून कापराचा वास येई तो यामुळेच. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया केली की नायट्रोसेल्युलोज मिळते. त्यात नायट्रोजनचे प्रमाण सुमारे ११ टक्के ठेवले तर सेल्युलॉइड करता येते, १३ टक्क्यांच्या आसपास नेले तर तो स्फोटक कापूस होतो. भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत नायट्रोसेल्युलोज तयार होते ते दारूगोळ्यासाठी, गोळी किंवा तोफगोळा पुढे ढकलणाऱ्या प्रणोदकासाठी. चेंडू तिथे होत नाहीत, पण रसायन त्याच घराण्यातले. जॉन वेस्ली हायट यांनी १८७० च्या आगेमागे हस्तिदंताऐवजी नायट्रोसेल्युलोज वापरून बिलियर्डचे चेंडू केले, तेव्हा ते एकमेकांवर आदळून बारीकसा बार होई आणि अमेरिकेतल्या एका गुत्त्यात त्या आवाजाने सगळे पिस्तुले काढत, असे हायट स्वतःच सांगत. किस्सा थोडा रंगवलेला असावा.

सेल्युलॉइडच्या पत्र्याच्या चकत्या पाडायच्या, त्या मऊ करून साच्यात दाबून वाट्या करायच्या, दोन वाट्या चिकटवायच्या आणि चेंडू बरेच दिवस मुरू द्यायचे, अशी ही जुनी कृती. मग निवड. ३०.५ सेंमी. उंचीवरून पोलादी ठोकळ्यावर टाकलेला चेंडू २४ ते २६ सेंमी. उसळला पाहिजे. गोलाई, वजन, कडकपणा यांत उतरलेल्या चेंडूवर तीन तारे छापतात. मोठ्या स्पर्धांत तोच चालतो.

चेंडू तोच राहिला तरी रॅकेटने खेळ पालटतो, हे १९५२ मध्ये मुंबईने पाहिले. आशियात प्रथमच भरलेली जागतिक स्पर्धा ती. चष्मेवाल्या हिरोजी सातो या जपानी खेळाडूच्या रॅकेटवर जाड स्पंज होता. चेंडूचा टकटक आवाजच येईना, वेगाचा अंदाज चुकू लागला, आणि सातो पुरुष एकेरीचा विजेता ठरला. पुढे १९५९ मध्ये आवरणाच्या जाडीवर मर्यादा आली. चेंडूला मात्र कोणी हात लावला नाही.

तो २००० साली लागला. व्यास ३८ मिमी. वरून ४० झाला, वजन २.५ ग्रॅमवरून २.७; वेग आणि फिरकी कमी होऊन प्रेक्षकांना चेंडू दिसावा हा हेतू. दुसरा बदल २०१४ मधला, पदार्थाचा. चटकन पेट घेणारे सेल्युलॉइड कारखान्यात धोक्याचे, विमानाने पाठवायलाही नियमांची कटकट. त्याजागी सहज न पेटणारे प्लॅस्टिक आले. पहिले प्लॅस्टिक चेंडू सांध्यावर तडकत, खेळाडू वैतागले. नंतर एबीएस प्लॅस्टिकचे चेंडू आले तेव्हा ती तक्रार ओसरली. फिरकी मात्र आणखी घटली, आणि फिरकीवर जगणाऱ्या बचावात्मक खेळाडूंना त्याची झळ अधिक बसली.