शहाणपणाचे माप

मनुष्याच्या बुद्धीचे माप कोणते, हा प्रश्न तत्त्वज्ञांचा समजला जातो. परंतु मुंबईचा इतिहास पाहता तो भोंग्याचा व परीक्षेचाही आहे असे आम्हांस वाटते. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेव येथे कापडगिरणी काढली आणि १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. पुढे परळ-लालबागेत गिरणीचा भोंगा आणि गिरगाव-दादरच्या बिऱ्हाडांत मॅट्रिकची परीक्षा ही मापे रूढ झाली. ठरल्या वेळी उठणे, ठरल्या गतीने वाचणे, गलबल्यात चित्त स्थिर ठेवणे, हे ज्यास साधले तो शहाणा. ज्यास साधले नाही तो 'ढ' किंवा 'अर्धवट'.

पूर्वीच्या गावगाड्यात अशा मुलाची थट्टा होत नसे असे नव्हे. परंतु जेथे बहुतेकांस अक्षरओळखच नव्हती, तेथे वाचता न येण्यावरून कोणी मंद ठरत नसे. शाळा सार्वत्रिक होऊ लागल्या तेव्हाच ही अडचण नजरेस येऊ लागली. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टराने चौदा वर्षांच्या एका चलाख मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्यास वाचन साधत नव्हते. मात्र सारे शिक्षण तोंडी असते तर तोच शाळेत सर्वांत हुशार ठरता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. माप बदलले की माणूसही निराळा दिसतो, हे त्या शिक्षकाने ओळखले होते.

आपल्याकडील कायद्यास ते उमगावयास पुष्कळ काळ लागला. १९१२ च्या वेड्यांविषयीच्या कायद्याने जन्मतः बुद्धी अपुरी असलेला मनुष्य आणि मन बिघडलेला मनुष्य या दोघांस 'वेडा' या एकाच व्याख्येत कोंबले. रोग बरा करावयाचा असतो, तर जन्मजात घडणीस शिक्षण द्यावयाचे असते, हा भेदच त्यात राहिला नाही.

हा भेद मुंबईत एका मातेने कृतीत आणला. श्रीमती जय वकील यांची कन्या डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मास आली होती. तिच्याजोगी शाळा नाही, हे पाहून बाईंनी १९४४ साली आपल्या घरीच शाळा सुरू केली. परळनजीक शिवडी येथे आज ती मोठी संस्था आहे. योगायोग असा की १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या निरीक्षणावरून आत्ममग्नतेचे वर्णन केले होते, आणि १९४४ सालीच व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी तत्सम मुलांविषयी लिहिले. तिकडे नाव शोधले जात होते; इकडे नावाची वाट न पाहता पाटी-पेन्सिल हाती दिली जात होती.

कायद्याने हा भेद मानला तो १९८७ साली. मनोरुग्णाच्या व्याख्येतून बुद्धिमांद्य तेव्हा वगळले गेले. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात सात प्रकार होते, पण त्यांत आत्ममग्नता नव्हती. ती १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात आली. आणि २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकार मानताना वाचन-लेखनातील विशिष्ट अक्षमतेसही स्थान दिले. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ पासून या मुलांसाठी झटत आहे.

तरीही अशा मुलास परीक्षेत जादा वेळ मिळाला की, 'हा इतरांवर अन्याय नव्हे काय?' असे सुशिक्षित घरांतूनच विचारले जाते. त्यास इतिहासाचे उत्तर सरळ आहे. तीन तासांची मुदत ही परीक्षा घेणाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी ठरविली. ती ज्ञानाची अट कधीच नव्हती. जे माणसांनी ठरविले ते माणसांस बदलता येते. परळचे बहुतेक भोंगे आज बंद पडले आहेत, आणि त्यांच्या तालावर चालणे हीच मनुष्यत्वाची कसोटी होती असे आता कोणीही म्हणणार नाही. उरलेली मापेही तितक्याच निर्भयपणे तपासावयास हवीत. कारण त्यांत न बसणारी मुले आपल्याच घरांत वाढत आहेत, आणि मापाचा दोष स्वतःचा मानून मुकाट बसावयास ती शिकत आहेत.