उभे कागद, टांगलेले कागद

आमच्या प्रयोगशाळेत चार खणांचे एक लोखंडी कपाट आहे. मी रुजू झालो त्याच्या कितीतरी आधीपासून ते तिथे आहे. वरच्या खणात फायली टांगण्याची चौकट आहे. दुसऱ्या खणातली चौकट कधीतरी हरवली. वरच्या खणातली हवी ती फाईल अर्ध्या मिनिटात हाती येते. दुसऱ्या खणातल्या फायली मात्र एकमेकींच्या अंगावर कलंडलेल्या असतात. एकदा एका जुन्या उपकरणाची तपासणीची आकडेवारी सापडेना, म्हणून आठवडाभर खपून आम्ही सगळी मोजमापे नव्याने घेतली. पुढे काही महिन्यांनी ते कागद त्याच खणाच्या तळाशी, दोन फायलींच्या खाली आडवे झालेले सापडले. तेव्हापासून ‘फाईल उभी का राहत नाही?’ हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही.

कागद जपून ठेवणे अवघड नसते. नेमका हवा तो परत काढणे अवघड असते. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे गठ्ठे कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. धूळ आणि कसर यांपासून रुमाल चांगला बचाव करतो, पण एक कागद पाहायचा तर अख्खा रुमाल सोडावा लागतो. जुन्या दुकानांत गल्ल्याजवळ खिळ्याला तार टांगलेली असे आणि तिच्यात बिले खोचलेली असत. कालचे बिल लगेच मिळे. गेल्या महिन्याचे हवे असेल तर त्यानंतरची सगळी बिले आधी उतरवावी लागत!

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी कचेऱ्यांची अडचण वेगळी होती. आलेले पत्र घडी घालून, मागे मजकुराचा सारांश लिहून लहानशा कप्प्यात टाकत. पाठवलेल्या पत्राची नक्कल मात्र बांधीव वहीत असे. ही नक्कल करण्याचे यंत्र वाफेच्या इंजिनासाठी आपण ज्याला ओळखतो त्या जेम्स वॉटचे. त्याचे पेटंट १७८० सालचे. खास शाईने लिहिलेल्या पत्रावर ओलसर, पातळ कागद दाबायचा, म्हणजे थोडी शाई त्यावर उतरते. अक्षरे उलटी उमटतात, पण कागद इतका पातळ की ती पाठीमागून सरळ वाचता येतात. युक्ती नामी होती. परंतु एकाच व्यवहाराचा प्रश्न कप्प्यात आणि उत्तर वहीत! वहीतली पाने तारखेच्या क्रमाने शिवलेली, त्यामुळे ती विषयवार लावण्याची सोयच नव्हती.

वाट सापडली ती ग्रंथालयात. ग्रंथांच्या दशांश वर्गीकरणासाठी प्रसिद्ध असलेल्या मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ साली ग्रंथालयांना साहित्य पुरवणारी ‘लायब्ररी ब्यूरो’ सुरू केली. ग्रंथसूचीची कार्डे तिथे खणात कडेवर उभी ठेवत. नवे कार्ड कुठेही घाला, जुने काढा, बाकीची जागच्या जागी राहतात. १८९२ साली बफेलो शहरातील एका धर्मादाय संस्थेचे सचिव नॅथॅनियल रोझनॉ यांनी हीच पद्धत मोठ्या कागदांना लावण्याची कल्पना मांडली. मदत मागणाऱ्या कुटुंबांची माहिती ठेवणाऱ्या संस्थेत एकेका कुटुंबाचे कागद वर्षानुवर्षे वाढत जाणार. ते बांधीव वहीत कसे मावणार? लायब्ररी ब्यूरोने १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ही उभी मांडणी लोकांपुढे ठेवली. (विवेकानंदांनी गाजवलेली सर्वधर्मपरिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती.) तोवर टंकलेखन यंत्र आणि कार्बन कागद कचेऱ्यांत शिरत होते. आता नक्कलही सुटी झाली, आणि प्रश्न व उत्तर एका फायलीत शेजारी शेजारी आले.

मात्र जे कार्डाला जमले ते पत्राला सहजी जमेना. याचे कारण वर्गात करून पाहता येईल. साध्या कागदाच्या १०, १५ आणि २० सेंटिमीटर उंचीच्या सपाट पट्ट्या कापा. प्रत्येकीची अगदी खालची कड दोन फूटपट्ट्यांच्या चिमटीत धरून पट्टी उभी करा. पहिली उभी राहते, शेवटची मान टाकते. कागदाला किंचितही पन्हळ पडू देऊ नका, नाहीतर तो ताठ उभा राहून तुम्हाला फसवील. ८० ग्रॅमच्या कागदासाठी मी गणित केले, तर स्वतःच्या वजनाने वाकण्याची मर्यादा १३-१४ सेंटिमीटरच्या आसपास आली. ग्रंथसूचीचे कार्ड जाड, आणि उंची अवघी साडेसात सेंटिमीटर. ते मर्यादेच्या पुष्कळ आत आहे. ए-४ कागद खणात आडवा उभा केला तरी त्याची उंची २१ सेंटिमीटर भरते!

म्हणून कागदांना जाड पुठ्ठ्याची घडी, खणात अधूनमधून ताठ फळ्या, आणि मागून रेटून धरणारी सरकती पट्टी असा सरंजाम आला. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो, वजन मात्र दुप्पटच वाढते. त्यामुळे पुठ्ठा एकटा उभा राहतो. पण त्यात शंभर कागद, म्हणजे अर्धा किलो भार, घातला की तोही घसरतो. शिवाय एक कलंडली की तिचे ओझे शेजारणीवर, तिचे पुढचीवर. पट्टी घट्ट केली तर फाईल निघत नाही, सैल केली तर रांग झोपते.

पन्नासएक वर्षे सुधारणा झाल्या त्या याच चौकटीत. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमधील ऑक्सफर्ड फायलिंग सप्लाय कंपनीच्या फ्रँक जोनास यांनी प्रश्नच उलटा केला. फायलीला खालून आधार देण्याऐवजी त्यांनी ती वरून टांगली. ‘पेंडाफ्लेक्स’ या नावाने ती बाजारात आली. घडीच्या दोन्ही वरच्या कडांत धातूची पट्टी, तिच्या टोकांना आकडे, आणि ते खणाच्या दोन बाजूंच्या रुळांवर अडकवलेले. उभ्या पुठ्ठ्यावर दाब येतो आणि दाबाखाली पातळ वस्तू वाकते. टांगलेल्या पुठ्ठ्यावर ताण येतो, आणि ताणाखाली पातळ वस्तू सरळच होते. दोरी ढकलता येत नाही पण ओढता येते, तसेच हे. आतल्या कागदांना दोन्ही बाजूंची ताणलेली भिंत सावरते. मुख्य म्हणजे प्रत्येक फाईल आपले वजन थेट रुळांवर टाकते, शेजारणीवर नाही.

वाकण्याचा प्रश्न यात नाहीसा झाला नाही, तो वरच्या पट्टीकडे गेला. पण फूटपट्टी आडवी धरली तर लवते आणि कडेवर धरली तर लवत नाही, हे मुलांनाही माहीत असते. फायलीतली पट्टी म्हणूनच कडेवर बसवलेली असते. नावाची चिठ्ठी पुठ्ठ्यातून कापून काढण्याऐवजी खाचांत बसणारी प्लॅस्टिकची केली, त्यामुळे ती हवी तिथे सरकवता येऊ लागली. जाड गठ्ठ्यांसाठी तळाला निमुळत्या घडीऐवजी सपाट पेटीसारखा आकार आला.

तोटे अर्थात आहेत. आकडे आणि पट्ट्या जागा खातात, त्यामुळे त्याच खणात कागद कमी मावतात. पट्टी एकदा वाकली की आकडा रुळावरून सुटतो. आणि भरलेला वरचा खण पूर्ण बाहेर ओढला की गुरुत्वमध्य पुढे येऊन कपाटच पुढे झुकते. एका वेळी एकच खण उघडेल अशी कळ आता अनेक कपाटांत असते. आमच्या जुन्या कपाटात ती नाही, म्हणून सर्वात खालच्या खणात आम्ही बांधीव नियतकालिकांचे वजनदार खंड भरून ठेवले आहेत.