कायदा, कवायत आणि संगणक

जबलपूरच्या अधारताल या वस्तीच्या नावातील ‘ताल’ म्हणजे तळे. राणी दुर्गावतीच्या काळातील एका जुन्या तलावाशी परंपरा हे नाव जोडते. संगीतातील तालाशी त्याचा संबंध नाही. तरीही अधारतालमधील तबला शिकलेला एखादा विद्यार्थी घरच्या संगणकावर संगीतनिर्मितीची प्रणाली पहिल्यांदा उघडतो, तेव्हा त्याची गाठ तालाच्याच प्रश्नाशी पडते. पडद्यावर चौकटींची जाळी उमटते. उभ्या दिशेने सप्तकाचे बारा स्वर, आडव्या दिशेने चार-चार मात्रांचे समान खंड. झपतालाच्या दहा मात्रा या जाळीत बसवता येतात, पण त्यांतील सम, टाळी आणि खाली यांची जाळीला कल्पना नसते. स्वर ठेवता येतो, पण एका स्वरातून दुसऱ्यात नेणारी मींड काढायला स्वतंत्र खटपट करावी लागते. प्रणालीने गृहीत धरलेले संगीत वेगळे आणि वापरणाऱ्याच्या हातातील संगीत वेगळे, हा अनुभव येथूनच सुरू होतो.

हा अनुभव नवा नाही. गृहसंगणक भारतात दुर्मीळ होते, त्या काळात एका प्रकल्पाने हाच प्रश्न उलट्या बाजूने हाताळला होता. तेथे कलावंताला संगणकाप्रमाणे वागायचे नव्हते. संगणकाला कलावंतासमोर परीक्षेला बसायचे होते. त्या परीक्षेचे ठिकाण होते लखनौ.

लखनौशी महाराष्ट्राचे सांगीतिक नाते जुने आहे. मुंबईत वकिली केलेले विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी देशभर फिरून बंदिशी गोळा केल्या, त्या स्वरलिपीत बांधल्या आणि रागांची दहा थाटांत विभागणी केली. मौखिक विद्येला लिखित नियमांचे रूप देण्याचा तो मोठा प्रयत्न होता. त्यांच्याच पुढाकाराने १९२६ मध्ये लखनौत मॅरिस कॉलेज सुरू झाले आणि तेथे तबल्याचे अध्यापन लखनौ घराण्याचे खलिफा आबिद हुसेन खाँ यांच्याकडे आले. जे घराणे तोवर गुरूच्या मुखातून शिकवत होते, ते आता वर्गात आणि वहीत शिरले. पण लिहून काय उतरते आणि काय निसटते, हा प्रश्न तसाच राहिला.

१९८० च्या दशकाच्या आरंभी आबिद हुसेन यांच्याच कुळातील उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे जेम्स किपन हे ब्रिटिश संगीत-मानववंशशास्त्रज्ञ तबला शिकत होते. जलद वादनातील बोल लिहून घेण्यासाठी त्यांना साधन हवे होते. फ्रेंच संगणकतज्ज्ञ बर्नार बेल यांनी ॲपल दोन मालिकेतील गृहसंगणकासाठी ते लिहिले. आरंभी तो केवळ बोलांचा शब्दलेखक होता: एक कळ दाबली की एक पूर्ण बोल पडद्यावर येई. १९८४ मध्ये आलेल्या, हातात धरून नेता येणाऱ्या ॲपल दोन-सी या यंत्रात १२८ किलोबाइट स्मृती होती आणि त्याच्या प्रक्रियकाची गती सुमारे एक मेगाहर्ट्झ होती. आजच्या साध्या फोनपुढे ते खेळणे वाटेल. पण तबला ही मुखाने म्हणता येणारी विद्या आहे. ध्वनी निर्माण न करताही, केवळ अक्षरांच्या आधारे संगणक तबल्याविषयी काही सांगू शकत होता.

या शब्दलेखकातून ‘बोल प्रोसेसर’ घडला. त्याचा विषय होता कायदा. तबल्यात कायदा म्हणजे एक मूळ बंध आणि त्याच्याच बोलांतून शिस्तीने होणारा विस्तार. वादक मूळ बोलांची उलटापालट करतो, काही तुकडे दुमडतो, काही पुन्हा घेतो. पण बाहेरचा बोल सहसा आणत नाही. आठ जागा आणि प्रत्येक जागी तीन पर्याय धरले, तरी ६,५६१ रचना संभवतात. त्यांतील थोड्याच रचना जाणकाराला कायद्याच्या विस्तार वाटतील. त्या थोड्या कोणत्या, हे ठरवणारे नियम वादकाच्या हातात असतात. शब्दांत सांगता येतीलच असे नाही.

बेल आणि किपन यांनी हे नियम औपचारिक व्याकरणाच्या रूपात मांडले. भाषाशास्त्रात वाक्य जसे नियमांतून निर्माण होते, तसा येथे विस्तार निर्माण होई. पण एक अडचण लगेच दिसली. कायद्याचा पहिला भाग भरीचा असतो; दुसऱ्या भागात तोच आकृतिबंध खालीच्या रूपात येतो. डग्ग्याचा नाद मावळतो: ‘धा’चा ‘ता’ होतो, ‘धिन’चा ‘तिन’, ‘गे’चा ‘के’. दुसरा भाग पहिल्यावर अवलंबून असतो आणि पहिला कितीही लांब असू शकतो. अशी नक्कल संदर्भमुक्त व्याकरणाला पेलत नाही, हे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. म्हणून या प्रणालीत आकृतिबंधाची पुनरावृत्ती आणि बोलांचे ठरावीक रूपांतर यांची स्वतंत्र सोय करावी लागली. तबल्याची एक साधी वाटणारी रीत औपचारिक भाषांच्या सिद्धान्तातील महत्त्वाच्या सीमारेषेवर उभी होती.

व्याकरण तयार झाले की संगणक नवा विस्तार रची आणि तो उस्तादांसमोर मांडला जाई. उस्तादांनी तो मान्य केला, तर नियम टिके. नाकारला, तर नियम बदले. उलट दिशेनेही तपासणी होई. उस्तादांनी वाजवलेला विस्तार यंत्राला दिला जाई. व्याकरणाने तो अशुद्ध ठरवला, तर दोष व्याकरणाचा मानला जाई. फार सैल व्याकरण चुकीच्या रचना देई, फार घट्ट व्याकरण योग्य रचना नाकारी. या दोन चुकांच्या मधली वाट शोधणे, हेच संशोधन होते. नियमांना वजने देऊन कोणता पर्याय किती वेळा यावा, हेही ठरवता येत होते. पुढे उदाहरणांवरून व्याकरण आपोआप शोधण्यासाठी त्यांनी आणखी एक प्रणाली लिहिली आणि तिला ‘कवाइद’ असे नाव दिले. मूळ अरबीत ‘कायदा’ या शब्दाचे अनेकवचन ‘कवाइद’. मराठीतील ‘कवायत’ त्याच शब्दापासून आली. नियम, व्याकरण आणि सराव ही तिन्ही अंगे एकाच शब्दकुळात नांदतात.

या प्रयोगातील वापरकर्ता कोण होता, हे पाहणे उद्बोधक आहे. ज्यांच्या मतावर प्रणालीचा प्रत्येक बदल अवलंबून होता, त्या उस्तादांना कळफलकाशी काही देणेघेणे असण्याचे कारण नव्हते. त्यांचा कान हेच मापनयंत्र होते. होकार आणि नकार या दोन उत्तरांत त्यांचे सगळे म्हणणे मावत नव्हते, हेही खरे. एखादी रचना नियमात बसूनही नीरस असू शकते, किंवा कागदावर शुद्ध असून द्रुत लयीत बोटांना अडखळवू शकते. यंत्राची चूक मात्र उपयोगी होती, कारण ती दिसताच कधी न उच्चारलेला नियम उच्चारावा लागे.

तालानंतर स्वर. १९८० च्या दशकातच बेल यांनी गायनातील स्वरांची सलग हालचाल मोजणारे उपकरण विकसित केले आणि मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजे एनसीपीएत, विम व्हान देर मेर यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यावर काम केले. नझीर जयरझभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ मध्येच दाखवले होते, की प्रत्यक्ष वादनात स्वरांच्या जागा पाठ्यपुस्तकातील ठरावीक गुणोत्तरांवर स्थिर राहत नाहीत. आलेख अधिक बारीक झाले, तसा स्वर हा बिंदू कमी आणि वाट अधिक दिसू लागला.

गृहसंगणकावरील संगीताने मात्र दुसरा रस्ता धरला. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिडी मानकात प्रत्येक स्वराला ० ते १२७ मधील एक पूर्णांक मिळाला आणि बहुतेक प्रणालींनी त्या पूर्णांकांना समान अंतराच्या बारा स्वरांचा अर्थ दिला. षड्ज २४० हर्ट्झ धरला, तर तंबोऱ्याशी जुळणारा गंधार ३०० हर्ट्झवर येतो. समान विभागणीतील गंधार सुमारे ३०२.४ हर्ट्झवर. फरक १४ सेंटचा, पण षड्जाच्या पाचव्या आणि गंधाराच्या चौथ्या संनादीमध्ये सेकंदाला सुमारे साडेनऊ ठोके पडतात. तंबोऱ्यासोबत वाढलेल्या कानाला ते खटकतात.

मानकात मींडेसाठी स्वर वाकवण्याचा संदेश होता आणि त्याचे १६,३८४ टप्पे होते. नेहमीच्या चार अर्धस्वरांच्या पल्ल्यात एक टप्पा सेंटच्या सुमारे चाळिसाव्या भागाइतका सूक्ष्म पडतो, म्हणजे अचूकतेची उणीव नव्हती. अडचण रचनेत होती: हा संदेश संपूर्ण वाहिनीला लागू होई, त्यामुळे त्या वाहिनीवरचे सगळे स्वर एकदम वाकत. प्रत्येक स्वराला स्वतंत्र वाहिनी देणारी मान्य पद्धत यायला २०१८ उजाडले. तंत्राला अशक्य नसलेली गोष्ट पस्तीस वर्षे अवघड राहिली.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे काम निराळ्या अंगांनी चालू होते. पुणे विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ हरी सहस्रबुद्धे यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी रागाचे प्रतिमान सांत स्वयंयंत्राच्या रूपात मांडले. आताच्या अवस्थेतून पुढे कोणत्या स्वरावर जाता येईल, हे त्यात नियमाने ठरते. बोल प्रोसेसरची दुसरी आवृत्ती तोवर मॅकिंटॉशवर आली होती, आणि १९९४ मध्ये एनसीपीएत सादर झालेल्या आंद्रेईन बेल यांच्या ‘क्रोनोस’ या नृत्यरचनेसाठी तिचा उपयोग झाला. पुण्यात गी पोइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी ग्रामीण महाराष्ट्रातील जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९० च्या दशकात बेल या कामात सहभागी झाले. ओव्यांचा संगणकीय संग्रह उभा राहिला आणि शंभर तासांहून अधिक ध्वनिमुद्रणाची नोंद झाली. पुढे ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने ते काम हाती घेतले. त्या नोंदींत ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे आणि तिच्या गावाचे नावही आहे.

आज स्वयंशिक्षित प्रणाली क्षणात तबला आणि आलाप तयार करून देतात. त्या असंख्य ध्वनिमुद्रणांवर शिकतात, पण त्यांच्या चुका कोणत्या कानाने तपासल्या, हे अनेकदा कळत नाही. लखनौच्या प्रयोगात संगणकाची शक्ती अगदी थोडी होती, परंतु परीक्षकाचे नाव आणि घराणे ठाऊक होते. बोल प्रोसेसर आजही मुक्त स्रोत म्हणून उपलब्ध आहे. अधारतालच्या विद्यार्थ्याला तो आपल्या संगणकावर उतरवून घेता येईल. त्यात स्वतःच्या गुरूचा एखादा कायदा त्याने लिहून पाहावा, यंत्राने रचलेला विस्तार गुरूला ऐकवावा आणि नकार आला, तर त्याचे कारण विचारावे. संशोधनाची सुरुवात त्या कारणापासून होते.